अपराजित दोन वर्षे : महाराष्ट्र क्रिकेट संघ आणि त्याच्या चाहत्यांची स्मृती (१९३९–४१)

जुन्नर तालुक्यातील आळे येथे एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच हा रेडा, असे परंपरा सांगते. कथेतील मूळ प्रसंग गोदातीरी, पैठणास घडलेला. त्याचे स्मरण मात्र स्थिरावले आहे ते कित्येक कोस दूर, आळ्यास. भाविकाला यात विसंगती वाटत नाही. परतीच्या वाटेवर रेडा येथे निवर्तला, एवढा एक दुवा त्याला पुरेसा होतो. घटना एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे हा प्रकार केवळ संतचरित्रांचाच विशेष मानण्याचे कारण नाही. मॉरिस आल्ब्वाश या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये पॅलेस्टाईनमधील ख्रिस्ती तीर्थस्थळांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. समूह आपल्या आठवणींसाठी प्रथम जागा शोधतो आणि पुढे ती जागाच आठवणींना आकार देऊ लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे. योगायोग असा की, आळे ज्या जिल्ह्यात मोडते त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात, पुण्यात, त्याच सुमारास अशीच एक सर्वस्वी लौकिक स्मृती आकार घेत होती. तिचा विषय होता क्रिकेट.

रणजी करंडक स्पर्धेस १९३४-३५ च्या हंगामात आरंभ झाला. पहिली दोन वर्षे करंडक मुंबईकडे राहिला; नंतर तो अनुक्रमे नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांच्याकडे गेला. १९३९-४० आणि १९४०-४१ या दोन लागोपाठच्या हंगामांत तो महाराष्ट्र संघाने जिंकला. संघाचे नायक दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा. म्हणजे पहिला करंडक हाती आला तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्या वयात इतर खेळाडू प्रेक्षकांच्या रांगेत बसतात, त्या वयात हे गृहस्थ सकाळी वर्गात पाठ्यग्रंथ लावीत आणि मैदानावर संघाचे नेतृत्व करीत, हे चित्रच असे आहे की ते लोकांच्या मनात ठसल्यावाचून राहिले नसते. ‘प्रोफेसर’ हा शब्द पुण्यात अनेकांना लागू होता. पण क्रिकेटच्या संदर्भात तो उच्चारला की एकाच व्यक्तीचा बोध होई.

१९३९-४० चा अंतिम सामना पुण्यातच झाला. संयुक्त प्रांताच्या संघाने २३७ आणि ३५५ धावा केल्या. महाराष्ट्राने पहिल्या डावात ५८१ धावा करून सामना दहा गडी राखून जिंकला. त्याच हंगामात बडोद्याविरुद्ध पुण्यास विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. त्या डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भर घातली. नवव्या गड्याची जोडी म्हणजे सामान्यतः प्रेक्षकाने उठण्याच्या तयारीला लागण्याची वेळ; ती संधी ज्याने दवडली नाही त्याला पुढे आयुष्यभर सांगण्यास काही राहिले. दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना मद्रासला झाला. मद्रासच्या १४५ आणि ३४७ धावांना महाराष्ट्राने २८४ व ४ बाद २१० असे उत्तर देऊन सहा गडी राखून विजय मिळविला.

मद्रासचा हा सामना प्रत्यक्ष पाहिलेले पुणेकर फार असणे संभवत नाही. तेव्हा दुसऱ्या विजयाची पुण्यातील आठवण ही मुख्यतः वाचलेल्या आणि ऐकलेल्या वार्तेची आठवण ठरते. आणि वार्तेला जागा लागते. ती जागा पुण्यात उपलब्ध होती, कारण त्याच हंगामात पुण्यातच एक सामना असा झाला होता की मद्रासच्या विजयापेक्षा तोच लोकांच्या बोलण्यात अधिक राहिला. तो सामना मुंबईविरुद्धचा. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत एकट्या देवधरांच्या २४६. मुंबईने त्यास ६५० धावांनी उत्तर दिले. खंडू रांगणेकर यांनी २०२ आणि विजय मर्चंट यांनी १०९ धावा केल्या. दोन्ही संघांचा एकेकच डाव पुरा झाला, अवघ्या पंचवीस धावांची आघाडी महाराष्ट्राकडे राहिली, आणि तीवर महाराष्ट्र पुढील फेरीत गेला.

येथे एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. हा सामना महाराष्ट्राने ‘जिंकला’ काय? नोंदवहीच्या दृष्टीने तो अनिर्णित आहे. स्पर्धेच्या नियमाच्या दृष्टीने पहिल्या डावातील आघाडी निर्णायक आहे. चाहत्याच्या वाक्यात मात्र या दोहोंमधील भेद टिकत नाही. तो ‘मुंबईला हरवले’ असेच म्हणतो. ‘हरवले’ या क्रियापदात अर्धे-मुर्धे काही नसते. मराठी माणसाच्या मनात हारजितीची जी जुनी परिभाषा आहे ती कुस्तीच्या आखाड्यातील आहे. जुन्नर-आंबेगावकडील कोणत्याही जत्रेत कुस्ती निकाली होते किंवा बरोबरीत सोडविली जाते. पंचवीस गुणांनी पुढे राहून अनिर्णित सुटलेली कुस्ती ही कल्पनाच आखाड्यास परकी आहे. मराठीने क्रिकेटची परिभाषा घडविली तेव्हा आखाडाच तिच्या मदतीस आला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पायचीत, धावचीत, त्रिफळाचीत या शब्दांतील ‘चीत’ हे पाठ जमिनीस टेकलेल्या मल्लाचे विशेषण होय. मूळ इंग्रजी संज्ञांत पराभूताच्या पाठीचा कोठेही संबंध नाही. मराठीने मात्र प्रत्येक बाद फलंदाजाला लोळवून टाकले आहे.

‘गोलंदाज’ हा शब्द तर त्याहून जुन्या रणभूमीवरून आलेला आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मराठी फौजेतील अर्थ तोफ डागणारा असा होता; चेंडू टाकणाऱ्यास तो सहज लागू पडला. त्याच्या धर्तीवर ‘फलंदाज’ घडला, आणि त्याचे नाते क्रिकेटचे जुने मराठी नाव ‘चेंडूफळी’ यातील फळीशी उघड दिसते. हिंदीने ‘बल्लेबाज’ पत्करला; मराठीने तोफखान्याच्या प्रत्ययाला बॅटीचे काम दिले. अशा परिभाषेत जो समाज खेळ पाहतो आणि सांगतो, त्याच्या स्मृतीतून पहिल्या डावाची आघाडी गळून जावी आणि ‘हरवले’ एवढेच उरावे, हे स्वाभाविक होय. ती स्मृती खोटी नाही. तिचे माप वेगळे आहे. ‘अपराजित’ या विशेषणासंबंधीही एवढाच इशारा पुरे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत करंडक घेणारा प्रत्येक संघ त्या हंगामापुरता अपराजितच असतो. तेव्हा महाराष्ट्राचा विशेष एका हंगामात न हरण्यात नसून ते दोन हंगाम लागोपाठ साधण्यात आहे.

याहून महत्त्वाचा शब्द संघाच्या नावात आहे. १९४० मध्ये ‘महाराष्ट्र’ नावाचा कोणताही राजकीय घटक अस्तित्वात नव्हता. पुणे मुंबई इलाख्यात होते, मराठवाडा निजामाच्या राज्यात, नागपूर आणि वऱ्हाड मध्यप्रांतात, कोल्हापूर-सांगलीकडे संस्थाने. संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली ती १९४६ मध्ये आणि राज्य झाले ते १ मे १९६० रोजी. तत्पूर्वी वीस वर्षे धावफलकावर ‘महाराष्ट्र’ हा शब्द मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत या इंग्रजी अंमलाने आखलेल्या नावांच्या रांगेत बसलेला होता, आणि दोन वर्षे तर त्या रांगेत अग्रभागी होता. क्रिकेटने राज्य घडविले असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण एखादे नाव राजकारणात मागणी म्हणून येण्यापूर्वी नित्याच्या वापरातून कानांना परिचित व्हावे लागते, आणि त्या परिचयात वृत्तपत्राच्या क्रीडास्तंभाचाही काही अंश असतो, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

त्या काळच्या दुसऱ्या एका स्पर्धेशी तुलना केली म्हणजे या नावाचे वजन अधिक कळते. मुंबईची पंचरंगी स्पर्धा लोकप्रियतेत रणजी करंडकाहून कितीतरी पुढे होती. तेथे संघ धर्मावर उभे होते : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि १९३७ पासून ‘इतर’. विजय हजारे हे सांगलीचे मराठी ख्रिस्ती. म्हणून त्या स्पर्धेत ते ‘इतर’. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतरां’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. हेच हजारे देवधरांच्या संघात मात्र ‘इतर’ नव्हते. पारशी नगरवाला, ख्रिस्ती हजारे आणि संस्कृतचे प्राध्यापक देवधर यांना एकत्र आणणारे नाव धर्माचे नसून प्रदेशाचे होते. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मवार संघांच्या त्या स्पर्धेविषयी आपली नापसंती जाहीर केली. नेमका तोच महाराष्ट्राच्या दुसऱ्या विजयाचा हंगाम. पंचरंगी सामने १९४६ मध्ये कायमचे थांबले. जुन्या चाहत्यांच्या कथनात पंचरंगीचा थाट आणि रणजीचा अभिमान पुष्कळदा एकाच दमात येतो. दोहोंची तत्त्वे परस्परविरोधी होती याची जाणीव त्या कथनात क्वचितच डोकावते.

राज्य झाल्यानंतर या स्मृतीत एक अडचण शिरली, आणि ती पुन्हा भाषेचीच. ‘महाराष्ट्राने मुंबईला हरवले’ हे वाक्य १९४० मध्ये सरळ होते. १९६० नंतर मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी, आणि तीही १०५ हुतात्म्यांचे मोल देऊन मिळविलेली. मग राज्याने आपल्याच राजधानीला हरवावे म्हणजे काय? क्रिकेटच्या नकाशाने मात्र राजकीय नकाशा मानला नाही. मुंबईचा संघ वेगळा राहिला. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून स्वतंत्र नावाने खेळत होता, तोही तसाच राहिला. एका राज्यात तीन संघ, आणि राज्याचे नाव धारण करणारा संघ त्यांपैकी एक. पुण्याचा वा जुन्नरचा चाहता आजही ‘आपला संघ’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाची व्याप्ती राज्याच्या सीमेपेक्षा बरीच आखूड असते. १९४० मध्ये ‘महाराष्ट्र’ हे नाव वस्तुस्थितीपेक्षा मोठे होते. १९६० नंतर वस्तुस्थितीच नावाला ओलांडून गेली. अर्थसंकोचाचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सहसा सापडत नाही.

संघ फार काळ एकत्र राहिला नाही. त्या काळी गुणी खेळाडूंना आश्रय होता तो संस्थानांचा. हजारे बडोद्यास गेले. १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला तेव्हा ते त्या संघात होते, आणि १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. १९४०-४१ च्या हंगामात ६५५ धावा आणि पश्चिम हिंदुस्थानाविरुद्ध नाबाद २१८ अशी कामगिरी करणारे रंगा सोहोनी १९४६ मध्ये भारतातर्फे इंग्लंडला गेले. १९४३-४४ मध्ये मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्धच नाबाद ३५९ धावा काढल्या. देवधर खेळतच राहिले. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली, तेव्हा त्यांचे वय बावन्न होते.

चाहत्यांची स्मृती या उतरणीकडे पाहत नाही. विजयानंतर ती एकदम १९४८ च्या डिसेंबरात जाते. भाऊसाहेब निंबाळकर पुण्यास काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर होता, आणि काठियावाडचे नायक राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. न काढलेल्या त्या नऊ धावा काढलेल्या ४४३ पेक्षा अधिक वेळा सांगितल्या जातात. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यासच मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या व महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या आणि मुंबई ३५४ धावांनी विजयी झाली. १९४० चे ते ६७५ आणि ६५० या आकड्यांपुढे लहानच. तरीही पंचवीस धावांची आघाडी स्मरणात राहिली आणि ३५४ धावांचा पराभव आकडेशास्त्राच्या पुस्तकांकडे गेला. निवड कोणत्या तत्त्वावर होते हे येथे उघडच दिसते.

त्यानंतर महाराष्ट्राला करंडक मिळालेला नाही. १९७०-७१ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि मुंबईकडून ४८ धावांनी हरला. विदर्भाने २०१७-१८ मध्ये आपला पहिला करंडक मिळविला तेव्हा महाराष्ट्राच्या दुसऱ्या करंडकास पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली होती. तत्पूर्वी २०१३-१४ मध्ये कर्नाटकाविरुद्ध, आणि त्याही आधी १९९२-९३ मध्ये पंजाबविरुद्ध महाराष्ट्राला अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली होती. पंजाबविरुद्धच्या त्या पराभवाच्या वेळी १९४१ च्या संघाचा नायक हयात होता. १९९३ च्या २४ ऑगस्ट रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, पुण्यास देवधरांचे निधन झाले.