गिनीपिगची साक्ष

हिस्टामीन म्हणजेच ॲलर्जी, हें समीकरण गिनीपिगनें रुजविलें असें आम्हांस वाटतें. १९१० मध्यें डेल व लेडलॉ यांनीं हिस्टामीन त्याच्या शिरेंत टोचलें, तों श्वासनलिका आवळून तो बिचारा गुदमरून मेला. कुत्र्याचा रक्तदाब मात्र कोसळतो. उंदीर तर हिस्टामीन पुष्कळसें पचवितो, त्याच्या ॲलर्जींत सेरोटोनिनचा वांटा मोठा. १९३७ मध्यें बोव्हे व स्टॉब यांनीं हिस्टामीनरोधक द्रव्य शोधलें आणि गिनीपिग वांचूं लागले. त्याच जातीच्या औषधांनीं पुढें माणसांच्या अंगावरच्या गांधी व शिंका आटोक्यांत आल्या; दमेकऱ्यांची धाप कांहीं थांबेना. म्हणून गिनीपिगला खोटा साक्षीदार ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. माणसाच्या श्वासनलिका दीर्घकाळ आवळणाऱ्या ल्यूकोट्राइनांची रचना सॅम्युएल्सनप्रभृतींनीं १९७९ मध्यें उलगडली खरी. पण ॲलर्जींत त्यांची चाहूल केलवे व ट्रेथवी यांना १९४० मध्येंच लागली होती, आणि तीहि गिनीपिगच्याच फुप्फुसांत!