आपत्ती-जोखीम न्यूनीकरण, लातूर परिसरातील

भूकंप, अवर्षण इत्यादी आपत्तींत होणारी हानी पूर्वतयारीने कमी करण्याचे लातूर जिल्हा व लगतच्या मराठवाड्यातील प्रयत्न.

उगम : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (ता. औसा) परिसरात भूकंप झाला (पहा : किल्लारी भूकंप). लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० ते १०,००० माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळणे, हे जीवितहानीचे मुख्य कारण होते.

स्वरूप : १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसन कार्यक्रम राबविला. त्यात ५२ गावांचे स्थलांतर, तसेच इतर गावांतील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण होते. स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून या कार्यक्रमाशी जोडले. उदगीर तालुक्यासह लातूर जिल्ह्याला अवर्षणाचाही धोका असतो (पहा : दुष्काळ); एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. २०१८ पासून येथेही राबविल्या जाणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा भर जलसंधारण व हवामान-अनुकूल शेतीवर आहे.

महत्त्व : आपद्‌ग्रस्तांना केवळ लाभार्थी न मानता पुनर्बांधणीत सहभागी करण्याचा अनुभव येथे मिळाला. अशा आपत्तींच्या पूर्वतयारीसाठी आता आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन योजना करणे बंधनकारक आहे.