बुजलेला पटाचा बैल

आमच्या अर्जुनी मोरगावकडे घोडे वरातीपुरतेच. जीव लावायचा तो पटाच्या बैलाला. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, दोन बैल, हलका छकडा, सरळ दान म्हणजे धावपट्टी आणि सेकंदांचा हिशेब. पाय दुखावलेला बैल बरा झाला तरी दानीवर बुजे. मग बाबा जाणता धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, शोधत. तो आधी छकड्याला हातच लावत नसे. वयस्क, शांत बैलासोबत नुसतं जू घालून रिकाम्या वावरातून चालवी. टोचायची तुतारी वर्ज्य. घाई करणाऱ्या मालकाला सरळ परत पाठवी, आणि तेच बरोबर होतं.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. तोवर बैल थकले, धुरकऱ्यांची पोरं ट्रॅक्टरवर बसली. आता पट भरतात. बुजलेल्या बैलाला वेळ देणारा मात्र तालुका पालथा घातला तरी सापडणं अवघडच.