खुंटाचा खटला

सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. तारीख २२ जानेवारी १९६२. एवढ्या थंडीने ऑलिव्हच्या झाडाचे पानही वाकडे होत नाही. उलट, पुरेसा गारवा मिळाला नाही तर ते धड फुलतही नाही. तरीही दहिवराने जळलेल्या ऑलिव्हच्या बोन्सायविषयी सल्ला मागितला गेला तो सांताक्रूझलाच. युरोपात राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन होता : "मामा, पानं सगळी तपकिरी झाली. टाकून देऊ का?"

मराठी शिकवणारा माणूस बागकामाचा प्रश्नही पुस्तकातच शोधणार. ऑलिव्ह म्हणजे मराठी बायबलमधला जैतून, आपल्या पारिजातकाच्या आणि मोगऱ्याच्या कुळातला. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा गड जाळला, तेव्हा अथेना देवीचा पवित्र ऑलिव्हही जळाला. हिरोडोटस सांगतो की दुसऱ्याच दिवशी यज्ञासाठी वर गेलेल्यांना त्या बुंध्यातून हातभर कोंब फुटलेला दिसला. एका दिवसात हातभर, ही अर्थात भक्तीची भर. पण जळलेला ऑलिव्ह बुडापासून धुमारतो, हे निरीक्षण खरेच आहे. सोफोक्लीसच्या 'इडिपस अ‍ॅट कलोनस'मधील वृंदगानही या झाडाची थोरवी गाते ती आपले आपण पुन्हा उगवणारे झाड म्हणून.

मला अधिक मोलाचा वाटतो तो लिसिअसचा एक रूक्ष कोर्टातला युक्तिवाद. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या आरंभी एका जमीनमालकावर पवित्र ऑलिव्हचा खुंट उपटल्याचा आरोप आला; शिक्षा हद्दपारी आणि मालमत्तेची जप्ती. (मूळ शब्दाचा अर्थ खुंट की त्याभोवतीचे कुंपण, यावर विद्वानांत मतभेद आहेत.) वाळक्या खुंटासाठी एवढी शिक्षा का? खुंटातून पुन्हा झाड येऊ शकते, हे त्या समाजाला ठाऊक असले पाहिजे, असे मी मानतो.

पुढच्या काळात हीच कसोटी शेतकऱ्यांना द्यावी लागली. १७०९ च्या हिवाळ्याने दक्षिण फ्रान्समधल्या ऑलिव्हच्या बागा मारल्या. १९५६ चा फेब्रुवारी अधिक कपटी होता. जानेवारी उबदार गेल्याने झाडांत रस चढला होता आणि अशा बेसावध झाडांवर थंडी कोसळली. कित्येकांनी झाडे काढून द्राक्षवेली लावल्या; इतरांनी जमिनीलगत कापून वाट पाहिली. जानेवारी १९८५ मध्ये इटलीतल्या तोस्कानात तेच झाले. तिथे आज एकाच बुडातून तीन-चार खोडे आलेली अनेक झाडे दिसतात, ती त्या थंडीची खूण.

बोन्सायचे दुखणे मात्र वेगळे. शेतातल्या मुळांना जमिनीची ऊब असते. उथळ कुंडीतली माती तळापर्यंत गोठते. म्हणून मी भाचीला प्रथम बुंधा पाहायला सांगितले. नखाने साल किंचित खरवडायची. हिरवे दिसले तर जीव आहे, तपकिरी असेल तर आणखी खाली खरवडायचे. पाने नसलेले झाड पाणी फार थोडे पिते. मायेने रोज पाणी घालत राहिलो तर उरलेली मुळे कुजतात. खत नको, कुंडी बदलणे नको, उजेड हवा. छाटणीची तर मुळीच घाई नको. जिवंत भाग कुठे संपतो हे कळायला उन्हाळा उजाडू शकतो. पहिले धुमारे सगळे राखायचे, कारण मुळांना पोसणारी पाने तीच; निवड नंतर. झाड कलमी असेल तर मात्र कलमाखालचा कोंब खुंटाच्या जातीचा निघेल.

मे महिन्यात तिने छायाचित्र पाठवले. बुंध्याशी दोन फिकट हिरवे धुमारे होते, वरचा सांगाडा कोरडा. आता तिचा प्रश्न, वरचे वाळके कापू का? तोस्कानाचा शेतकरी ते केव्हाच कापून मोकळा झाला असता. जपानी बोन्सायकार अशी मेलेली फांदी सोलून मुद्दाम राखतो. तिला तो 'जिन' म्हणतो, झाडाच्या वयाची ती शोभा. मी 'ठेव' म्हटले. जावईबापूंचे मत मात्र अजून कापण्याच्या बाजूने आहे.