तीस वर्षांचे युद्ध आणि पाच वर्षांची बोलणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, कविता आणि वार्षिक अहवाल यांच्या शेजारी इतिहासाचाही एक लेख असावा, अशी संपादिकाबाईंची इच्छा. "पण बाई, लढाया नकोत हं!" असेही त्यांनी बजावले. तेव्हा मी लढाया संपविणाऱ्यांची गोष्ट सांगावयाचे ठरविले आहे. शाळेत मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकविला. पाठ्यपुस्तकात युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाला एक परिच्छेद असे आणि त्याच्या शेवटी "१६४८ साली वेस्टफालियाचा तह झाला" एवढे एकच वाक्य. मुली ते वाक्य पाठ करीत आणि पुढे जात. तह "झाला" म्हणजे जणू पाऊस पडला! तो करावयाला पाच वर्षे लागली आणि त्या पाच वर्षांत काय काय घडले, हे मला सांगावयाचे आहे.

आधी युद्धाविषयी थोडक्यात. त्या काळी जर्मनी हे एक राज्य नव्हते. व्हिएन्नाच्या हाप्सबुर्ग घराण्यातील सम्राटाच्या छत्राखाली तीनशेहून अधिक लहानमोठी संस्थाने, धर्मपीठे आणि स्वतंत्र शहरे होती. कोणी कॅथलिक, कोणी ल्यूथरचे अनुयायी, तर कोणी कॅल्व्हिनचे. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, असा तोडगा काढला होता. पण त्यात कॅथलिक आणि ल्यूथरपंथी एवढ्यांनाच स्थान होते. कॅल्व्हिनपंथीयांचे नावच नव्हते. १६१८ च्या मे महिन्यात प्रागमधील संतप्त प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकून दिले. तिघेही वाचले, पण तेथे जी ठिणगी पडली ती तीस वर्षे विझली नाही. पुढे डेन्मार्क आले, स्वीडन आले, आणि शेवटी कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंटांच्या बाजूने उतरले. येथेच हे युद्ध केवळ धर्माचे राहिले नव्हते हे कळते. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर एका दिवसात जळून खाक झाले आणि वीसेक हजार माणसे मेली. साऱ्या जर्मनीत लढाई, रोगराई आणि उपासमार मिळून पाचांत एक तरी माणूस गेला असावा, असे अभ्यासक धरतात; काहींचा अंदाज याहूनही मोठा आहे.

१६४१ च्या डिसेंबरात हॅम्बुर्ग येथे एवढेच ठरले की तहाची बोलणी करावयाची, आणि ती कोठे करावयाची. जागाही एक नव्हे, दोन! सम्राट आणि फ्रान्स यांनी म्युन्स्टरला बोलावे, सम्राट आणि स्वीडन यांनी ओस्नाब्रुकला. दोन्ही गावे वेस्टफालिया प्रांतातली, एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर. एका गावात सर्वांना का बोलाविले नाही? तर पोपचा वकील पाखंड्यांच्या पंक्तीला बसणार नव्हता, आणि फ्रान्स व स्वीडन यांच्यापैकी कोणीही दुसऱ्याच्या खालच्या पायरीवर उभा राहणार नव्हता. ही दोन गावे बोलणी चालतील तोवर तटस्थ मानली गेली. तेथील नगरसभांना सम्राटाच्या निष्ठेच्या शपथेतूनही मोकळे करण्यात आले.

भगिनींनो, लग्नघरातील मानपान आपल्याला काही नवे नाहीत. कोणाच्या विहिणीला आधी कुंकू लावले आणि कोणाचे पाय धुवावयाचे राहिले, यावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत. म्युन्स्टरला तर शंभराहून अधिक विहिणी जमल्या होत्या! कोणाच्या गाडीला किती घोडे, कोणी कोणाला दारापर्यंत सामोरे जावयाचे आणि कोणी जिन्यापर्यंत, कोणाला "एक्सलन्सी" म्हणावयाचे, यांवर आठवडेच्या आठवडे खर्ची पडले. डच प्रजासत्ताकाच्या वकिलांना व्हेनिसच्या वकिलाइतका मान हवा होता. फ्रान्सचा मुख्य वकील ड्यूक ऑफ लाँगव्हील याला त्याहून वरची पदवी हवी होती, ती सम्राटाचे लोक देईनात. फ्रान्सचेच दुसरे दोन वकील, दाव्हो आणि सेर्व्हियाँ, एकमेकांवर इतके जळत की त्यांचे भांडण सोडविणे हाच पॅरिसला एक उद्योग होऊन बसला.

याला हसणे सोपे आहे. मीही वर्गात हसविले आहे. पण मला वाटते, त्या रुसव्याफुगव्यांत अर्थ होता. ज्या डचांनी स्पेनशी ऐंशी वर्षे झगडून स्वातंत्र्य मिळविले, त्यांना "एक्सलन्सी" म्हणणे म्हणजेच त्यांचे राज्य मान्य करणे होते. अर्धा तह त्या एका शब्दात होता. उलट, ज्यांना मान मिळाला नाही त्यांचे काय झाले तेही पाहा. पोर्तुगालने १६४० मध्ये स्पेनचे जू झुगारले होते. आपला गोवा आणि वसई त्या वेळी याच राजाच्या ताब्यात. पण स्पेन त्याच्या वकिलांना वकील मानावयालाच तयार नव्हता; फ्रान्स आणि स्वीडनच्या आश्रयाने ते आले, राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले.

सगळे वकील एका मोठ्या दालनात बसून चर्चा करीत, असे चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. तशी सभा एकदाही भरली नाही. म्युन्स्टरला पोपचा वकील फाबियो चिगी आणि व्हेनिसचा आल्व्हीझे कोंतारिनी हे दोघे मध्यस्थ होते. एका पक्षाचे म्हणणे ऐकावयाचे, दुसऱ्याच्या बिऱ्हाडी जाऊन सांगावयाचे, त्याचे उत्तर घेऊन पुन्हा पहिल्याकडे यावयाचे, अशी वर्षानुवर्षे त्यांची येरझार चालली. चिगी बिचारा इटलीच्या उन्हात वाढलेला. म्युन्स्टरचा पाऊस त्याला इतका जाचला की त्याने त्यावर लॅटिन कविता लिहिल्या. ओस्नाब्रुकला मध्यस्थच नव्हता. ते काम डेन्मार्कचे. पण १६४३ च्या अखेरीस स्वीडनने डेन्मार्कवरच स्वारी केली. मग तेथे दोन्ही पक्ष समोरासमोर बसून बोलू लागले आणि, गंमत म्हणजे, धर्माचे अवघड प्रश्न सुटले ते मुख्यतः तेथेच.

या साऱ्या काळात युद्ध मात्र थांबलेले नव्हते. शस्त्रसंधी करून मग बोलावे, हे बड्या सत्तांना मान्य नव्हते, कारण प्रत्येकाला वाटे, पुढची लढाई आपण जिंकू आणि मग जास्त मागू. १६४५ च्या मार्चात यांकाऊच्या लढाईत सम्राटाची फौज बुडाली आणि स्वीडिश सैन्य व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीला भिडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सम्राट तिसऱ्या फर्डिनांडने आपला सर्वांत विश्वासू मुत्सद्दी, काउंट ट्राउटमान्सडॉर्फ, म्युन्स्टरला धाडला. त्याच्याजवळ सम्राटाच्या हातची गुप्त सूचनापत्रिका होती: आधी एवढे सोडा, मग एवढे, आणि अगदीच नाइलाज झाला तर एवढे. हा गृहस्थ डामडौलाशिवाय आला. मानपानात वेळ न दवडता तो दोन्ही गावांत सर्वांना भेटू लागला आणि अडकलेला गाडा हलला.

आता एका स्त्रीची गोष्ट सांगते. हेसे-कासेल संस्थानचा राजा पाचवा विल्हेल्म १६३७ मध्ये परमुलखात वारला. मागे राहिली पस्तिशीची विधवा, आमाली एलिझाबेथ. पदरी आठ वर्षांचा वारस मुलगा, राजधानीपासून दूर, हाताशी एक फौज. सम्राटाने तिच्या राज्याचा कारभार दीराच्या नात्यातल्या, हेसे-डार्मस्टाटच्या राजाकडे सोपविला होता. घरात असा प्रसंग आला म्हणजे चार लोक काय सांगतात? "पदर पसर, मिळेल ते घे." आमालीने तसे केले नाही. तिने सम्राटाशी बोलणे सुरू ठेवले, मसुदेही होऊ दिले. पण कॅल्व्हिनपंथाला स्पष्ट मान्यता द्या, या एका कलमावर ती अडून बसली. सम्राट ते देईना. तिने सहीसाठी एकेक महिना लांबविला आणि आतून फ्रान्सशी सूत जमविले. १६३९ मध्ये तो करार झाला, आणि पुढे ती मुलासह आपल्या राजधानीत परतली.

ती शांतीची देवता होती असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्या फौजेने वेस्टफालियातील गावांकडून जबर खंडणी वसूल केली, आणि पोटासाठी ती देणाऱ्या घरांतही आयाबायाच होत्या. तिच्या हट्टामुळे युद्ध लांबले, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण तहनाम्यात कॅल्व्हिनपंथ तिसरा मान्य पंथ म्हणून आला, त्यात तिच्या वकिलांचा वाटा मोठा. शिवाय तिच्या फौजेच्या खर्चापोटी सहा लाख टालर मिळाले. १६५० मध्ये तिने राज्य मुलाच्या हाती दिले आणि पुढल्याच वर्षी ती वारली.

स्त्रिया आणखीही होत्या. फ्रान्समध्ये लहानग्या चौदाव्या लुईच्या नावाने त्याची आई ॲन कारभार पाहत होती. स्पेनचा राजा तिचा सख्खा भाऊ आणि सम्राट तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा; म्हणजे म्युन्स्टरला एका अर्थी भाऊबंदकीच निवाड्याला आली होती. स्वीडनची राणी क्रिस्तिना विशीची. जोहान ओक्सेनस्टिएर्ना आणि आडलर साल्व्हियस या आपल्या दोन वकिलांना १६४७ मध्ये तिने खरमरीत पत्र लिहिले, की तह विनाकारण लांबवू नका. हीच क्रिस्तिना पुढे गादी सोडून कॅथलिक झाली आणि १६५५ मध्ये रोमला गेली. तेथे तिचे स्वागत करणारा पोप कोण? तर प्रॉटेस्टंटांशी बोलणेही टाळणारा तोच चिगी.

आता मुख्य गाठीकडे येते. युद्धाच्या धामधुमीत मठ, मंदिरे, जमिनी, गावे यांचे मालक कितीदा तरी बदलले होते. प्रत्येक जागेचा खरा हक्कदार कोण, हे धर्मशास्त्र काढून ठरवू गेले असते तर आणखी तीस वर्षे लागली असती. मुत्सद्द्यांनी तो प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांनी एक तारीख ठरविली. त्या तारखेस जी जागा ज्या पंथाची होती, ती त्याची. मग वाद तारखेचा! प्रॉटेस्टंटांना १६१८ हवे, कॅथलिकांना १६२७ किंवा १६३०. घासाघीस होऊन १ जानेवारी १६२४ वर सौदा तुटला. बाजारातल्यासारखेच हे, पण देवाधर्माचा तंटा पंचांगावर आणून सोडविण्याची ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. त्या दिवशी जो धर्म पाळला जात होता तो पाळण्याचा हक्क प्रजेलाही मिळाला, राजाने धर्म बदलला तरीही. धर्माच्या प्रश्नावर साम्राज्याच्या सभेत बहुमत चालणार नाही, दोन्ही पक्षांनी वेगळे बसून समेटानेच ठरवावे, असेही कलम आले. आउग्सबुर्गसारख्या चार शहरांत अधिकाराच्या जागा निम्म्यानिम्म्या वाटल्या. खुद्द ओस्नाब्रुकच्या बिशपच्या गादीवर आळीपाळीने एकदा कॅथलिक आणि एकदा ल्यूथरपंथी बसावा, असे ठरले. ही पाळी १८०३ पर्यंत चालली.

डच आणि स्पेन यांचा तह आधी, १५ मे १६४८ ला, म्युन्स्टरच्या नगरभवनात शपथपूर्वक पक्का झाला. चित्रकार टेरबोर्ख याने त्याचे छोटे चित्र तांब्याच्या पत्र्यावर रंगविले आहे. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डच वकील दोन बोटे वर करून शपथ घेत आहेत आणि स्पॅनिश वकिलांचे हात पवित्र ग्रंथावर आहेत. एकाच शपथेच्या या दोन रीती! मोठ्या तहावर सह्या झाल्या २४ ऑक्टोबर १६४८ ला, वकिलांच्या बिऱ्हाडी. मग तोफा सुटल्या. त्याच सुमारास प्रागमध्ये, जेथे युद्ध पेटले तेथेच, स्वीडिश सैन्य पलीकडचे अर्धे शहर घेऊन बसले होते आणि दगडी पुलावर विद्यार्थी व नागरिक त्याला अडवीत होते. तहाची बातमी पोहोचेपर्यंत तेथे माणसे मरत होती.

पोपने तहाचा निषेध केला. तो निषेध येणार हे ओळखून, असल्या हरकती चालणार नाहीत, असे कलम मुत्सद्द्यांनी आधीच घालून ठेवले होते! पण ज्यांची हरकत ऐकावयास हवी होती त्यांचीही ऐकली गेली नाही. सम्राटाच्या खास मुलखाला, बोहेमिया आणि ऑस्ट्रियाला, १६२४ ची तारीख लागू झाली नाही. तेथून हाकललेले प्रॉटेस्टंट परत जाऊ शकले नाहीत. लहान मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक रचणारा थोर शिक्षक कोमेनियस त्यांच्यातलाच. त्याने सारी भिस्त स्वीडनवर ठेवली होती. तहाची बातमी कळताच त्याने स्वीडनच्या वृद्ध पंतप्रधानाला दुःखाने पत्र लिहिले; उपयोग झाला नाही. १६७० मध्ये तो परदेशातच वारला. सायलेशियातील ल्यूथरपंथीयांना फक्त तीन प्रार्थनामंदिरांची परवानगी मिळाली, तीही गावकुसाबाहेर आणि केवळ लाकूडमातीची. त्यांपैकी यावोर आणि श्विदनित्सा येथील दोन आज पोलंडमध्ये उभी आहेत.

सह्या झाल्या म्हणून शिपाई लगेच घरी गेले नाहीत. स्वीडनच्या फौजेला पन्नास लाख टालर देऊन वाटेला लावावयाचे होते, आणि उजाड मुलखातून ते गोळा करावयाचे होते. त्यासाठी न्यूरेंबर्गला पुन्हा सभा भरली, ती १६५० पर्यंत चालली. फ्रान्स आणि स्पेन तर १६५९ पर्यंत लढतच राहिले. फ्रांकेनथालच्या किल्ल्यातील स्पॅनिश शिबंदी उठली ती १६५२ साली.