वरच्या मजल्यावरची पुढची सीट

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला कशातून फिरवायचं, हा प्रश्न मुंबईकर यजमानांच्या घरोघर पिढ्यान्‌पिढ्या निघत आला आहे. मे महिन्यात कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून माणसं यायची. एका खोलीच्या बिऱ्हाडात गाद्या अंथरायला जागा पुरत नसे, तरी पाहुण्यांना राणीची बाग, चौपाटी, म्हातारीचा बूट आणि गेटवे दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, असा शिरस्ता होता. टॅक्सी परवडण्यातली नव्हती. मग बहुतेक घरांत एकच तोडगा निघे: बेस्टची डबलडेकर, वरचा मजला आणि मिळालीच तर अगदी पुढची सीट. खर्च साध्या तिकिटाएवढा.

या सीटची वंशावळ दीडशे वर्षं मागे जाते. तिचा माग काढताना एक गोष्ट सतत समोर येते. पाहुण्यांसाठी वेगळं वाहन मुंबईने फार उशिरा काढलं. तोवर गोदीत, बाजारात, गिरणीत, कचेरीत जाणाऱ्यांच्याच गाडीत पाहुण्याला जागा करून दिली गेली. या शहराची इतकी खरी ओळख बाहेरच्या माणसाला त्यामुळेच झाली, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात १८६३ पासून करावी. त्या वर्षी बोरघाटातला रेल्वेमार्ग पुरा झाला. त्याआधी पुण्याहून निघालेला प्रवासी खंडाळ्याला गाडीतून उतरे, पालखीने किंवा मिळेल त्या साधनाने घाट उतरे आणि खोपोलीला पुन्हा गाडीत बसे. आता देशावरचा माणूस थेट बोरीबंदरला उतरू लागला. याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या कारकिर्दीत फोर्टचा जुना तट पाडण्याचं काम चालू होतं, त्यामुळे शहर आतून-बाहेरून मोकळं होत होतं. आणि याच १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं. माडगांवकर मूळचे गोव्याचे, लहानपणी मुंबईला आलेले, इथेच शिकून शिक्षक झालेले. रस्ते, बाजार, देवळं, सणवार, कारखाने, नाना जातींची आणि देशांची माणसं असं सगळं त्यांनी मराठी वाचकापुढे मांडलं. रेल्वेने पाहुणा आणून सोडावा आणि त्याच वर्षी मराठीत त्याच्या हाती शहराचं पुस्तक पडावं, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

पुस्तक हातात आलं, पण फिरायचं कशातून? श्रीमंतांकडे बग्ग्या आणि शिग्राम, मधल्यांसाठी भाड्याच्या गाड्या आणि बैलांचे रेकले. बाकीच्यांनी पायी चालायचं. दिवसभर पाय ओढून परका माणूस किती शहर पाहणार? मुंबई तेव्हाही दक्षिणोत्तर लांबट पसरलेली होती.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि हे चित्र बदललं. मार्ग दोनच होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कंत्राट स्टर्न्स आणि किट्रेज यांचं. त्यांच्या पागेत ९०० घोडे होते असं सांगतात. पागा होती कुलाबा कॉजवेवर, आज जिथे इलेक्ट्रिक हाउस उभं आहे तिथे. कुलाबा ते पायधुणी भाडं सुरुवातीला तीन आणे होतं, पुढे दोन आण्यांवर आलं. दुसऱ्या मार्गाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. बोरीबंदरला उतरलेल्या माणसाला ही ट्राम काळबादेवीच्या पेठेतून मुंबादेवीच्या परिसरात आणून सोडत होती. ती आखली होती व्यापाऱ्यांच्या आणि कारकुनांच्या सोयीने. पण गावाकडून आलेल्यालाही आधी देवीला आणि मग बाजारात जायचं असे, तेव्हा त्याचंही काम तिने आपसूक केलं.

७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम धावली. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. आपल्या सीटचा जन्म खरा इथला. डबलडेकर म्हटलं की डोळ्यांपुढे लाल बस येते, पण मुंबईकराला वरून मुंबई पहिल्यांदा दाखवली ती ट्रामने. बस तेव्हा शहरात नव्हतीच. ती १५ जुलै १९२६ रोजी आली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला बस म्हणजे बऱ्यापैकी मिळवत्या माणसाची गाडी. ससून डॉक ते दादर ट्रामने दीड आण्यात जाता येई, त्याच प्रवासाला बसने चार आणे पडत. गरीब माणूस आणि त्याचा पाहुणा ट्रामलाच धरून राहिले. ट्राम संपायची दादरला, आणि ‘दादर टी.टी.’ या नावात ते ट्राम टर्मिनस अजून टिकून आहे.

१९३७ मध्ये दुमजली बस रस्त्यावर आली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, वीज आणि वाहतूक दोन्ही महापालिकेच्या ताब्यात गेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मधल्या काळात १९६२ ते १९७१ पर्यंत ट्रॉलीबसही चालली, पण तिने फारशी आठवण मागे ठेवली नाही. ट्रामचा वारसा घेतला तो डबलडेकरने. १९६७ मध्ये तर पुढे ड्रायव्हरची वेगळी केबिन आणि मागे जोडलेला दुमजली डबा, अशीही एक गाडी आली.

आता या वरच्या मजल्याबद्दल जरा निवांत बोलायला हवं.

डबलडेकरमध्ये कंडक्टर दोन असत, खालच्या मजल्याचा एक आणि वरचा एक. खाली माणसं उभ्याने प्रवास करू शकत. वर उभं राहायला परवानगी नव्हती. म्हणजे जिना चढून जो वर पोचला त्याला बसायला जागा हमखास. खेड्यातून आलेल्या, गर्दीत धक्के खाऊन भांबावलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढ्या मोठ्या शहरात मानाने बसायला मिळावं, हे काही थोडं नव्हे. तिकीटपेटी काखेला मारून, हातातला चिमटा वाजवत कंडक्टर यायचा. यजमान ऐटीत सांगायचा, ‘तीन फुल, एक हाफ.’ आणि मुलं पुढच्या काचेला नाक लावून बसायची. पुढे ड्रायव्हरची पाठ दिसत नाही, बॉनेट दिसत नाही, समोर रस्ता थेट आपल्या पायाखाली येतो.

पण या उंचीचं खरं महत्त्व दक्षिण मुंबईच्या बांधणीत आहे. दादाभाई नौरोजी मार्गावर इमारतींच्या तळमजल्याला कमानींचा पडवीसारखा भाग आहे, पादचारी त्याखालून चालतो. त्याला दुकानं दिसतात, फेरीवाले दिसतात, कमानीचं छत दिसतं. दगडी कोरीव काम, गॅलऱ्या, घडवलेले खांब सगळे त्याच्या डोक्यावर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत उभं राहिलं. त्यावरची पानंफुलं, मोर, माकडं, जनावरांची तोंडं जे. जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या हातची. त्याच दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे कोरलेले चेहरे आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई आहेत. फुटपाथवरून पाहताना मान मोडते. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून हे काम बरंच जवळ येतं, नजरेच्या टप्प्यात येतं. स्थानकाच्या दारातून रोज लाखो माणसं जातात, पण शंकरशेटांचा चेहरा तिथे आहे हे त्यांतल्या किती जणांनी पाहिलं असेल?

पुढे हुतात्मा चौक ओलांडून गाडी महात्मा गांधी मार्गाने काळ्या घोड्याकडे निघाली की उजव्या हाताला लोखंडी सांगाड्याचं जुनं वॉटसन हॉटेल, डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन कॉलेज. डाव्या हाताला जहांगीर कलादालन आणि घुमटाचं वस्तुसंग्रहालय. त्यापुढे १९३३ चं रीगल सिनेमागृह. पाव तासाच्या आत कितीतरी दशकांचं स्थापत्य डोळ्यांसमोरून जातं. महर्षी कर्वे मार्गाने गेलात तर ओव्हलच्या एका कडेला आर्ट डेको घरांच्या गोल गॅलऱ्या आणि मैदानापलीकडे उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. युनेस्कोने २०१८ मध्ये मैदानाच्या या दोन्ही बाजूंच्या इमारतींना मिळून जागतिक वारसा म्हटलं. मुंबईकर पाहुण्यांना ही दोन्ही टोकं बसच्या खिडकीतून कितीतरी आधीपासून दाखवत होता. १२३ क्रमांकाची डबलडेकर मरीन ड्राइव्हने जायची, आणि तिच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा जो वारा लागे त्याचं वर्णन जुने मुंबईकर आजही रंगून करतात.

हे झालं देखण्या मुंबईचं. त्याच गाड्या लालबाग, परळ, भायखळ्यालाही जात. वरच्या मजल्यावरून चाळीची पहिल्या मजल्याची गॅलरी अगदी समोर येई. वाळत घातलेली लुगडी, दाराशी तांदूळ निवडणारी बाई, कठड्याला टेकलेला रात्रपाळीचा कामगार, मागे गिरणीची चिमणी. पाहुण्याने ज्या घरात मुक्काम केला होता तसंच घर त्याला रस्त्यावरून हजारांनी दिसे. शेजारच्या बाकावर डबा मांडीवर घेतलेला एखादा कामगार पेंगत असे. गेटवे आणि गिरणगाव एकाच शहराचे आहेत, हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. राणीच्या बागेला निघालेली बस भायखळ्याच्या गर्दीतूनच जाणार होती. कुठलं शहर दाखवायचं आणि कुठलं झाकायचं, हे तिकीटबसला ठरवता येत नाही.

निव्वळ पाहुण्यांसाठी काढलेल्या वाहनांचं काय झालं? व्हिक्टोरिया घोडागाडी एके काळी शहरभर भाड्याने फिरणारी सवारी होती. रोजच्या वाहतुकीतून ती हटली, गेटवे आणि मरीन ड्राइव्हवर रोषणाईने सजून पर्यटकांपुरती उरली. घोड्यांच्या हालांकडे बोट दाखवून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या हौशी फेऱ्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांसाठी ते योग्यच झालं. एमटीडीसीची वरून उघडी ‘नीलांबरी’ शनिवार-रविवारी फोर्टमधल्या उजळलेल्या इमारती दाखवायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही थांबली. तिच्यावर मी रागावणार नाही, तिने अनेकांना आनंद दिला. पण तिच्यात बसणारे सगळे एकमेकांना पाहुणेच असत. खासगी ‘मुंबई दर्शन’च्या गाड्याही दिवसभरात ठरावीक ठिकाणी उतरवतात, अर्धा तास देतात आणि पुन्हा भरतात. मधला रस्ता कुणी पाहत नाही, गाइड तेव्हा पुढच्या ठिकाणाची माहिती सांगत असतो.

साधी डबलडेकर मात्र हळूहळू कमी होत गेली. दोन कंडक्टर आणि एक ड्रायव्हर असा तिचा खर्च मोठा. उड्डाणपूल, मेट्रोची कामं, खाली आलेल्या फांद्या यांनी तिचे मार्ग अडवले. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या आणि नव्या घेतल्या गेल्या नाहीत. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेला आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. प्रवाशांनी तिला हार-फुलं घातली. एखाद्या सरकारी वाहनाला एवढ्या मायेने निरोप देणारी शहरं थोडी असतील.

तिच्या जागी फेब्रुवारी २०२३ पासून विजेवर चालणारी वातानुकूलित डबलडेकर आली होती. पहिला मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए. गाडी देखणी आहे, आवाज नाही, धूर नाही, उन्हाळ्यात जीवाला थंडावा देते. मे २०२५ च्या भाडेवाढीनंतरही वातानुकूलित बसचं किमान भाडं १२ रुपये आहे, म्हणजे मुंबईची ओळख करून घेणं आजही गरिबाच्या आवाक्यात आहे. माझी तक्रार काचेबद्दल आहे. खिडकी उघडत नाही. ससून डॉकचा मासळीचा वास, मशीद बंदरच्या गल्ल्यांतला मसाल्यांचा दर्प, खारा वारा, फेरीवाल्यांच्या आरोळ्या सगळं काचेबाहेर राहतं, आणि यांशिवाय पाहुण्याला मुंबई अर्धीच कळते. शिवाय या गाड्या थोड्याच मार्गांवर फिरतात. लालबाग-परळ-भायखळ्याकडे वरच्या मजल्यावरून पाहायची सोय आता फारशी उरलेली नाही.

बेस्टने जुन्या गाड्यांच्या आठवणी आणिक आगारातल्या संग्रहालयात जपल्या आहेत, ते चांगलंच केलं. पण सीट काचेच्या कपाटात ठेवून भागणार नाही. कुलाबा ते राणीची बाग, फोर्ट आणि गिरणगावातून जाणारा निदान एक दुमजली मार्ग नेहमीच्या भाड्यात आणि उघडणाऱ्या खिडक्यांसह रोज चालावा. मंडईत भाजी घेऊन निघालेली बाई आणि आदल्या रात्री एसटीने उतरलेला तिचा भाचा, दोघांनाही त्यात बसता यावं, आणि त्यासाठी लागणारे दोन कंडक्टर महापालिकेने आनंदाने पोसावेत.