रस्ता चालू आहे का?

पावसाळ्यात भंडारदऱ्याला जायचं ठरलं की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज हाच पडतो. एका जुलैमध्ये वाटेत दरड आली होती. ज्यांच्या घरी उतरणार होतो त्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "मोटारसायकल निघते. एसटी नाही येत अजून." आम्ही बेत रद्द केला, दुसरीकडे गेलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मोटारसायकल निघते म्हणजे रस्ता चालू म्हणायचा की बंद?

अहिल्यानगर म्हटलं की बहुतेकांना दुष्काळ आठवतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे, जिथे सह्याद्रीवर धो धो पाऊस कोसळतो. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर इथलंच. १९८६ साली इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त आहे. आपल्यासाठी ते काजवे, सांदण दरी आणि कोकणकडा. पण त्यात रतनवाडी, साम्रद, घाटघर, पाचनई अशी नांदती गावं आहेत. त्यांची शाळा, बाजार, दवाखाना सगळं या रस्त्यावर अवलंबून आहे.

या डोंगरात वाट राखणं हे फार जुनं काम आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातला नाणेघाट सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी, कोकण आणि देश जोडत होता. नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख तिथल्याच लेण्यात आहे. अकोल्याच्या बाजूला घाटवाटा आणि किल्ले राखायचं काम पिढ्यान् पिढ्या महादेव कोळी नाईकांकडे होतं. वाटेवर कोण येतं-जातं याची जबाबदारी त्यांची आणि त्याबदल्यात मिळणारे हक्कही त्यांचे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे उलटं फिरलं. किल्ल्यांवर पुन्हा कुणी बंड करू नये म्हणून इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटाच मोडल्या. नाशिकच्या सीमेवरच्या अलंग-मदन-कुलंगला गेलेल्यांनी सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्यांच्या जागा पाहिल्या असतील. आज आपण तिथे दोर लावून चढतो आणि त्याला थरार म्हणतो. वाटा मोडल्या, तसे नाईकांचे हक्कही गेले. त्या असंतोषातून जे उठाव झाले, त्यांतले एक मोठे नाव म्हणजे अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

पुढे सरकारलाच या डोंगरात यायची गरज पडली. १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधलं गेलं. पाणी खालच्या कोरडवाहू जमिनीला गेलं, तिथे ऊस उभा राहिला. वरच्या गावांना जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता मिळायला बराच काळ गेला.

हा रस्ता वारंवार का खचतो, याचं कारण दगडात आहे. सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. कठीण काळ्या कातळाच्या थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा मऊ थर असतो. पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं, मऊ थर भिजून फुगतो आणि वरचे दगड सुटतात. त्यात रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या भागाचा आधारच जातो. मग मोरी तुंबली तर पाणी डोंगरातच मुरतं.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसलं नाही, आणि बातमी बाहेर पोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. तिथे गाडीरस्ता नव्हता. जेसीबी वर जाऊ शकला नाही, बचाव पथकं पायी चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह मिळाले, पन्नासहून अधिक माणसं सापडलीच नाहीत.

म्हणून "अभयारण्यात रस्ते हवेत कशाला?" असं शहरात बसून म्हणणं मला जमत नाही. पण दर शनिवार-रविवारी आमच्यासारख्यांच्या गाड्या मावाव्यात म्हणून डोंगर आणखी कापून रस्ता रुंद करणं म्हणजे पुढच्या दरडीची तयारी आहे.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की आधी तो रीस्टार्ट करतात. पण का पडला हे शोधलं नाही तर रात्री तीनला पुन्हा फोन येतोच. पोकलेनने दरड बाजूला करणं हे रीस्टार्ट आहे. खरं काम मे महिन्यातलं आहे: गटारं आणि मोऱ्या साफ करणं, सुटे दगड आधीच पाडणं, उताराला जाळी किंवा संरक्षक भिंत देणं, वरची झाडं टिकवणं. त्या कामाचे फोटो कुणी टाकत नाही. कुठला दगड हलला, कुठला झरा यंदा नव्या जागी फुटला, हे सगळ्यात आधी गावातल्या माणसाला कळतं. वाट राखायचं ते काम पुन्हा त्यांच्याकडे, पगारासकट आणि अधिकारासकट, द्यायला काय हरकत आहे?

यंदा जायचं ठरलं तर काकांना विचारायचा प्रश्न मी बदलणार आहे. एसटी येते का? येत असेल तरच रस्ता चालू आहे.